कावळा, फांदी आणि केसपेपर

सिन्नरच्या गोंदेश्वराचे मंदिर कोणत्या शैलीचे, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर तयार असते: हेमाडपंती. काळ्या पाषाणातले हे पंचायतन, मध्ये शिव आणि चार कोपऱ्यांना विष्णू, सूर्य, गणपती व पार्वती यांची लहान देवळे. अभ्यासक त्याची शैली भूमिज सांगतात, जिचा उगम परमारांच्या माळव्यात झाला. आणि त्यांच्यातले बहुतेक जण त्याचा काळ हेमाद्री पंडिताच्या आधीचा मानतात. हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. महादेव गादीवर आला 1260 च्या सुमारास. म्हणजे देऊळ आधी उभे राहिले आणि ज्याचे नाव त्याला लागले तो माणूस मागाहून आला. तरी नाव हलत नाही, कारण ते एका सोप्या साखळीला टांगलेले आहे. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेला दिसला की हेमाडपंती. हेमाडपंती म्हटले की हेमाडपंताने बांधले. त्याने बांधले म्हणजे तेराव्या शतकातले. यातली पहिली कडी डोळ्यांना दिसते, उरलेल्या ऐकीव. मोडी लिपीही त्यानेच आणली म्हणतात आणि बाजरीही. बाजरीवर जगलेल्या या कोरडवाहू तालुक्याने त्याचे उपकार विसरावेत तरी कसे! शिक्का एकदा बसला की त्याखाली काय आहे हे पाहण्याची कुणाला गरज वाटत नाही.

हेमाद्रीचा आणि सिन्नरचा खरा संबंध वेगळाच आहे. त्याने आपल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त यादवांची वंशावळ दिली आणि तिच्यातले सेउणपूर म्हणजे आजचे सिन्नर किंवा त्याच्या जवळपासचे गाव, असे अनेक इतिहासकार मानतात. देवगिरी राजधानी होण्याआधीची ही यादवांची जागा. याच हेमाद्रीने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. ज्या ग्रंथात रुग्णाजवळ थांबणाऱ्या माणसाचे गुण सांगितले आहेत त्या ग्रंथाचा टीकाकार आणि चुकीच्या शिक्क्याचा धनी एकच असावा, हा योगायोग मला सोयीचा आहे. पण तो योगायोगच. त्यातून काही सिद्ध होत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढेच.

आता देवळातून दवाखान्यात येऊ. मुसळगाव आणि माळेगावच्या औद्योगिक वसाहती येण्याच्या कितीतरी आधीपासून सिन्नर हे विड्यांचे गाव. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने, हजारामागे मजुरी. हे काम प्रामुख्याने बायकांचे आणि बरेचसे घरात बसून करायचे. विडी आणि सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा 1966 मध्ये झाला, कल्याण निधीचा 1976 मध्ये. पण घरात उडणारी तंबाखूची धूळ कोणत्याही कायद्याला पकडता आली नाही. अशा गावात विडी वळणारी बाई खोकत दवाखान्यात आली की तिच्या खोकल्याला नाव तिच्या आधीच पोचलेले असते. विडीचा खोकला. केसपेपर काढणारा ते म्हणतो, सिस्टर म्हणते, डॉक्टर मान डोलावतात आणि बाई स्वतःही तेच म्हणते. यात खोटे काही नाही. तंबाखूच्या धुळीने खोकला होतो. धोका नेमका या खरेपणात आहे, कारण क्षयाचाही खोकलाच असतो. जुन्या नैयायिकांनी असल्या हेतूला सव्यभिचार म्हटले आहे, म्हणजे एका घरी न राहणारा, भटका हेतू. त्यांचे उदाहरण सगळ्यांना पटेल असे आहे: धूर आहे म्हणून आग आहे, हे चालते, आग आहे म्हणून धूर आहे, हे चालत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते आणि धूर नसतो. विडी वळते म्हणून खोकत असेल, हे ठीक. खोकते आहे म्हणून खोकला विडीचाच, हे नाही. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा नियम म्हणूनच मला फार शहाणा वाटतो. दोन आठवडे किंवा जास्त खोकला असेल तर तपासणी करा, इतकेच तो सांगतो. बाईचा धंदा काय, हे तो विचारत नाही. आपल्याला कारण आधीच ठाऊक आहे या समजुतीला नियमात जागाच ठेवलेली नाही.

तर्कातल्या अशा चुकांना आपण सहसा बुद्धीची उणीव समजतो. परिचारिकांच्या शिक्षणात अलीकडे चिकित्सक विचार हा विषय आला आहे, तोही याच समजुतीने शिकवला जातो: चुकांची नावे पाठ करा, म्हणजे चुका टळतील. माझे म्हणणे वेगळे आहे. वॉर्डातला तर्कदोष बहुतेक वेळा डोक्यात जन्मत नाही, बोलण्याच्या रीतीत जन्मतो. कोणी कोणाला ‘कशावरून?’ असे विचारायचे आणि कोणी नाही, हे जिथे आधी ठरलेले असते तिथे. या रीतीला इतिहास आहे आणि तो बराच जुना आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी यावर एक मोठा अध्याय आहे. चर्चेचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक संधाय संभाषा, म्हणजे मित्रत्वाची: समोरचा ज्ञानी असावा, रागीट नसावा, त्याला निःशंकपणे विचारावे, त्यानेही निःशंकपणे सांगावे. दुसरी विगृह्य संभाषा, जिंकण्यासाठीची. ह्या दुसरीसाठी चरकाने दिलेले सल्ले वाचून आजच्या वाचकाला हसू येईल, कारण प्रतिस्पर्धी कोणत्या बाबतीत कच्चा आहे ते हेरून त्याला तिथेच कसे गाठावे हेही त्यात आहे. पुढे सदोष हेतूंचे प्रकार येतात: प्रकरणसम, संशयसम, वर्ण्यसम. यातला संशयसम वॉर्डात रोज भेटतो. ज्या गोष्टीमुळे शंका आली तीच गोष्ट शंकेचे उत्तर म्हणून पुढे करायची. रुग्ण सारखा बेल वाजवतो, म्हणजे नाटकी असेल का? नाटकीच, सारखा बेल वाजवतोय ना! दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास वैद्यकाच्या पुस्तकात तर्काच्या चुकांची यादी असावी, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहेच. पण त्याच संहितेत सूत्रस्थानात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे आजची नर्स. तिने उपचार जाणावा, दक्ष असावे, रुग्णावर जीव लावावा, स्वच्छ राहावे. चर्चेच्या अध्यायात मात्र ती नाही. संभाषा वैद्याची वैद्याशी. चौथ्या भागाइतका भार ज्याच्यावर, त्याला बोलण्याच्या जागी पाय ठेवायला जागा नाही. वाग्भटाने यादी थोडी बदलली आणि परिचारकाच्या चार गुणांत बुद्धिमान हा शब्द घातला. हेमाद्रीने टीका लिहिली ती याच ग्रंथावर. मराठीतला परिचारिका हा शब्दही त्याच घराण्यातला. बुद्धी हवी असे म्हटले गेले. ती वापरून वैद्याला उलट विचारावे असे कुठे म्हटले गेले नाही.

आधुनिक नर्सिंग आले तेव्हा ही गाठ सुटायला हवी होती. ती आणखी घट्ट झाली. मिरजेचे मिशन रुग्णालय, पुण्यात 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले सेवासदन, मुंबईची सरकारी रुग्णालये यांतून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीतल्या मुली पुष्कळदा ख्रिस्ती, विधवा किंवा गरीब घरातल्या होत्या. शिवाशिवीच्या समाजात परक्याच्या मलमूत्राला हात लावणारीची प्रतिष्ठा किती असणार? जात, बाईपण आणि पदवी या तिन्ही शिड्यांच्या खालच्या पायरीवर ती उभी होती. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा 1935 मध्ये झाला, भारतीय परिचर्या परिषदेचा 1947 मध्ये. मधल्या काळात, 1946 च्या भोर समितीच्या अहवालात देशातल्या परिचारिकांची संख्या सुमारे 7,000 दिली आहे. माणसे 43,000 आणि परिचारिका एक. इतक्या विरळ माणसाला वाद घालण्याची फुरसत नसते हे खरे. पण फुरसत नव्हती म्हणून हक्क नव्हता, असे म्हणणे म्हणजे गाडीच्या मागे बैल जुंपणे. हक्क नव्हताच, फुरसतीचा प्रश्न नंतरचा.

इथे आणखी एक हेमाडपंती प्रकार सांगितला पाहिजे. नर्सिंगच्या मुली अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला हातात दिवे घेऊन जी नाइटिंगेल शपथ घेतात ती फ्लॉरेन्स नाइटिंगेलने लिहिलेली नाही. ती 1893 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट येथील एका प्रशिक्षण संस्थेत तयार झाली आणि तिच्या मूळ मसुद्यात डॉक्टरशी निष्ठा ठेवून त्याला साहाय्य करण्याचे वचन होते. नाइटिंगेल स्वतः काय होती? आकडे मांडून युद्धखात्याशी भांडणारी बाई. 1858 मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने सभासद म्हणून निवडलेली पहिली स्त्री. तिच्या नावावर आज्ञाधारकपणा खपतो आणि तिची भांडखोर आकडेमोड अभ्यासक्रमाच्या एका ओळीत संपते. दिव्याचे चित्र भिंतीवर लावणे सोपे, तक्ता लावणे अवघड.

आणि तक्ताही चुकू शकतो. रुग्णालयांविषयीच्या आपल्या पुस्तकाच्या 1863 च्या आवृत्तीत नाइटिंगेलने तिचे सहकारी विल्यम फार यांचे एक कोष्टक छापले. त्यानुसार 1861 साली लंडनच्या 24 रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण शेकडा 90 च्या वर होते, तर गावाकडच्या रुग्णालयांत निम्म्याहूनही कमी. लंडनचे डॉक्टर खवळले, आणि त्यांचे खवळणे रास्त होते. फार यांनी वर्षभरातले मृत्यू भाज्य धरले होते आणि भाजक धरला होता कोणत्याही एका दिवशी खाटांवर असलेल्या रुग्णांचा आकडा. ज्या रुग्णालयात खाट लवकर रिकामी होऊन दुसरा रुग्ण येतो, तिथे वर्षभरात एका खाटेवर दहा-पंधरा माणसे येऊन जातात. त्या सगळ्यांचे मृत्यू एकाच्या नावावर पडले. शिवाय गंभीर रुग्ण मोठ्या शहरातच जातो. हीच चूक, आकडे न लावता, तालुक्याच्या कोणत्याही दवाखान्यात ऐकू येते. सिन्नर ते नाशिक तीस किलोमीटरच्या आतबाहेर, वाटेत मोहदरीचा घाट. इकडे हाताळता येणार नाही असा रुग्ण सिव्हिलला रेफर होतो. त्यातले काही दगावतात. मग मावशींपासून सिस्टरांपर्यंत एक वाक्य फिरू लागते: नाशिकला पाठवला की माणूस परत येत नाही. ज्यांना पाठवावे लागले तेच मुळात मरणाच्या दारात होते आणि जे किरकोळ होते ते कधी पाठवलेच गेले नाहीत, ही गोष्ट वाक्यात मावत नाही. नाइटिंगेललाही जे दिसले नाही ते रात्रपाळीच्या थकल्या सिस्टरला दिसले नाही तर तिला बुद्धी कमी म्हणू नये. फरक इतकाच की नाइटिंगेलला जाहीरपणे टोकणारे लोक होते. वॉर्डातल्या वाक्याला टोकणारे कोणी नसते.

नसते असे का म्हणायचे? मराठीत टोकण्याची हत्यारे तर भरपूर आहेत, आणि ती शाळेत न गेलेल्या माणसाकडेही आहेत. कावळा-फांदीची म्हण म्हणजे आधी-नंतरवरून कारण ठरवण्याच्या चुकीचे नाव; संस्कृतात त्याला काकतालीय न्याय म्हणतात. साप म्हणून भुई धोपटणे म्हणजे समोरचा जे बोललाच नाही त्याचे खंडन करणे: रात्रपाळीत दोघी द्या म्हटले की ‘म्हणजे तुम्हाला कामच नको’ असे उत्तर येते, तेव्हा धोपटली जाते ती भुई. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हे तर दोन पाळ्यांमधल्या प्रत्येक भांडणाचे सार: आमच्याकडून सलाईनची वेळ चुकली ती गर्दीमुळे, तुमच्याकडून चुकली ती निष्काळजीपणामुळे. बाबा वाक्यं प्रमाणम् काय ते सांगायलाच नको. या म्हणी तर्कशास्त्राच्या पुस्तकातल्या लॅटिन नावांपेक्षा मला उपयोगी वाटतात, कारण त्या ऐकणाऱ्याला लगेच कळतात. पण नीट पाहिले तर त्या खालून वर क्वचित जातात. सासू सुनेला म्हण ऐकवते, सून सासूला नाही. इन्चार्ज सिस्टर नव्या मुलीला म्हणेल, ‘अगं, कावळा बसला नि फांदी तुटली.’ नव्या मुलीने इन्चार्जला असे म्हटले तर तिची पुढची ड्युटी कुठे लागेल हे सगळ्यांना माहीत असते. हत्यार आहे, परवाना नाही.

पौर्णिमा-अमावास्येचे घ्या. भरल्या चंद्राला बाळंतपणे जास्त होतात, हे प्रसूती विभागात इतक्या ठिकाणी मानले जाते की देशांच्या सीमाही त्याला अडवत नाहीत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात 62 चांद्रमासांमधले 5,64,039 जन्म तपासून पाहिले, चंद्राच्या कलेने काही फरक पडत नव्हता. समजूत तरी टिकते, कारण पौर्णिमेची धावपळीची रात्र लक्षात राहते आणि पौर्णिमेची शांत रात्र कुणी मोजत नाही. यात नुकसान काय, असे कोणी म्हणेल. चंद्रामुळे फारसे नाही. पण जी सवय चंद्राला कारण ठरवते तीच सवय औषधालाही कारण ठरवते, आणि तेव्हा मोजावे लागते.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा दोन प्रयोगांच्या जोडीत आहे. 1966 मध्ये हॉफलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या खऱ्या वॉर्डांत 22 परिचारिकांना फोन केला. पलीकडून कोणी डॉ. स्मिथ बोलत होता, ज्याला त्या ओळखत नव्हत्या. अमुक रुग्णाला ॲस्ट्रोटेन 20 मिलिग्रॅम द्या, मी येऊन सही करतो, असे त्याने सांगितले. डबीवर लिहिले होते की दिवसाची कमाल मात्रा 10 मिलिग्रॅम. फोनवरून आदेश घेऊ नये असा नियम होता. औषध वॉर्डाच्या मंजूर यादीत नव्हते. 22 पैकी 21 जणी औषध घेऊन निघाल्या. खाटेजवळ त्यांना थांबवण्यात आले, आणि औषध म्हणजे साधी साखर होती. मती गुंग करणारी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या 12 परिचारिकांना आणि 21 विद्यार्थिनींना हाच प्रसंग फक्त तोंडी सांगून विचारले, तुम्ही काय कराल? परिचारिकांपैकी 10 जणी आणि विद्यार्थिनी सगळ्याच्या सगळ्या म्हणाल्या, आम्ही देणार नाही. म्हणजे चूक ओळखता येत होती. कागदावर जवळजवळ प्रत्येकीला येत होती. 1977 मध्ये रँक आणि जेकबसन यांनी प्रयोग बदलून केला: औषध ओळखीचे, व्हॅलियम, मात्रा नेहमीच्या तिप्पट, आणि परिचारिकांना शेजारच्या सहकारिणीशी बोलण्याची मोकळीक. 18 पैकी फक्त दोघी औषध द्यायला निघाल्या. अकरा वर्षांत परिचारिकांची बुद्धी वाढली नव्हती. औषधाची ओळख आणि बोलायला माणूस, या दोन गोष्टी वाढल्या होत्या. दोन्ही एकदम बदलल्या, त्यामुळे कोणतीने किती काम केले हे वेगळे काढता येत नाही, आणि बाहेर काळही बदलला होता. हे मान्य केलेच पाहिजे, नाहीतर मीही फांदीवरच्या कावळ्याला दोष दिल्यासारखे होईल. पण दोन्हींपैकी एकही गोष्ट तर्कदोषांची यादी पाठ करण्याची नव्हती.

यावर पहिला आक्षेप येतो तो वेळेचा. वॉर्ड म्हणजे वादसभा नव्हे. रक्त वाहत असताना कशावरून, कशासाठी करत बसायचे का? आक्षेप बरोबर आहे आणि चुकीच्या जागी केलेला आहे. रक्त वाहताना कोणी विचारत नाही, विचारूही नये. पण वॉर्डातले बहुतेक निर्णय रक्त वाहताना होत नाहीत, ओव्हर देताना होतात. सकाळच्या पाळीची सिस्टर दुपारच्या पाळीला एकेका खाटेवरचा रुग्ण सांगते, त्या दहा-पंधरा मिनिटांत रुग्णाचे वर्णन शिक्क्यात बदलते. ‘चारनंबरला ताप आहे, रात्री दोनदा थंडी वाजली’ हे तिसऱ्या ओव्हरला ‘चारनंबर, मलेरियाचा’ होते, रक्ताचा रिपोर्ट आलेला नसतानाही. ध चा मा करायला आनंदीबाई लागत नाही, तीन पाळ्या पुरतात. पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेली ओव्हर देण्याची एक चौकट आता जगभर शिकवली जाते: स्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, सूचना. तिचे मर्म एवढेच की जे पाहिले ते आणि जे वाटते ते वेगवेगळ्या खणांत ठेवायचे. त्याला वेळ लागत नाही. एक शब्द लागतो, ‘वाटते’.

दुसरा आक्षेप अनुभवाचा, आणि तो जास्त वजनदार आहे. वीस वर्षे वॉर्डात काढलेली सिस्टर रुग्णाकडे पाहून म्हणते, हा मला बरा दिसत नाही. बीपी ठीक, नाडी ठीक, आणि दोन तासांत रुग्ण खरोखर बिघडतो. तिला कशावरून विचारले तर सांगता येणार नाही. मग तिचे म्हणणे तर्कदोष समजायचे का? अजिबात नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, आणि ती योग्य परीक्षा आहे, कारण भांडे एक, पाणी एक, आच एक. एक शीत शिजले तर बाकीची शिजलेली असतात. जुन्या सिस्टरने एकाच प्रकारची हजारो शिते चाचपलेली असतात. प्रश्न येतो तो भांडे बदलल्यावर. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया होतो तेव्हा कित्येकदा ताप चढतच नाही. तरुणांच्या वॉर्डात तयार झालेली नजर तिथे फसते. अनुभवाचे म्हणणे गंभीरपणे घ्यावे, पण ते निदान म्हणून नव्हे, पुन्हा तपासण्याचे कारण म्हणून. गंमत अशी की वीस वर्षांच्या सिस्टरचे ‘बरा दिसत नाही’ हे वाक्य हाउसमनकडून जितक्या सहज उडवले जाते, तितक्या सहज डॉक्टरचे ‘काही नाही, ठीक आहे’ हे वाक्य कोणी उडवत नाही. पुरावा दोघांकडेही सारखाच कमी असतो.

तिसरी भीती मला स्वतःला वाटते. चुकांची नावे शिकलेला माणूस ती दुसऱ्याच्या अंगावर फेकू लागतो. चरकाच्या विगृह्य संभाषेची ही स्वस्त आवृत्ती. शिवाय युक्तिवाद चुकला म्हणजे निष्कर्ष चुकला असे होत नाही. ‘मेट्रन म्हणतात म्हणून हात धुवायचे’ हे कारण लंगडे आहे, हात धुणे लंगडे नाही. नैयायिकांनी वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले. वितंडावाद्याला स्वतःचे काही मांडायचे नसते, फक्त पाडायचे असते. वॉर्डात वितंडा पोसण्यापेक्षा अडाणी एकमत परवडले, असेही एखाद्या दिवशी वाटेल. तरी ‘कशावरून?’ आणि ‘तुझा हेतू सव्यभिचारी आहे’ या दोन वाक्यांत पुष्कळ अंतर आहे, आणि पहिल्याला पुस्तक लागत नाही.

राहिला चौथा आक्षेप: हे सगळे माणसे कमी असल्यामुळे होते, तर्काच्या गप्पा सोडा, पदे भरा. पदे भरलीच पाहिजेत. पण जे कारण प्रत्येक चुकीला लागू पडते ते कोणत्याही एका चुकीचा उलगडा करत नाही. माणसे कमी असलेल्या दोन वॉर्डांपैकी एकात चूक का पकडली जाते आणि दुसऱ्यात का नाही, याचे उत्तर त्यात नसते.

कोण बोलते आणि कोणाचे ऐकले जाते याची किंमत किती मोठी असू शकते, हे परळमध्ये जुन्या गव्हर्नमेंट हाउसात 1899 साली सुरू झालेल्या प्लेग प्रयोगशाळेच्या इतिहासात दिसते. वाल्डेमार हाफकिनची प्लेगची लस तिथे बनत होती. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी 107 लोकांना पाच बाटल्यांमधून टोचले गेले. 53-एन क्रमांकाच्या एका बाटलीतून टोचलेले सर्व 19 जण धनुर्वाताने मेले. चौकशी समिती बसली आणि तिने दोष परळवर ठेवला. युक्तिवाद असा: लस निर्जंतुक करण्यासाठी हाफकिनने कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णता वापरायला सुरुवात केली होती, पद्धत बदलली, त्यानंतर माणसे मेली, म्हणून बदललेल्या पद्धतीने मेली. फांदीवर कावळा बसला होता, यात शंका नाही. हाफकिनची नोकरी गेली आणि तो हिंदुस्थान सोडून गेला. पाच वर्षांनी, 1907 मध्ये, मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणारा रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून निकाल फिरवायला लावला. बाटली आधीपासूनच दूषित असती तर इतक्या दिवसांत आतल्या द्रवाला घाण वास सुटला असता, आणि उघडताना तसा वास कुणालाही आला नव्हता. बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो आचेवर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात हलवून पुन्हा वापरला गेला होता. रॉसला त्यासाठी नवा प्रयोग करावा लागला नाही, त्याने चौकशीचे कागद वाचले. हाफकिन नोकरीवर परतला, पण कलकत्त्याला, परळला नाही. प्रयोगशाळेला त्याचे नाव मिळाले ते 1925 मध्ये. चिमटा पडल्याची गोष्ट मुल्कोवालच्या मदतनिसाने साक्षीत सांगितलेली होती.